गावाचा इतिहास सांभाळणारी आपल्याकडची माणसं : अनुभव लिहा

मांजराकाठ
मागच्या आठवड्यात पोरीला घेऊन तेरला गेलतो. गोरोबाकाकांचं दर्शन घेतलं, त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ बघितलं आणि लामतुरे संग्रहालयात शिरलो. सातवाहन काळातलं तगर शहर म्हणजे हेच तेर. तिथले मणी, मातीच्या मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर जमवल्या, म्हणून आज काचेआड बघायला मिळतात. पोरगी विचारायली, "पप्पा, हे सगळं आधी त्यांच्या घरात होतं?" आणि मला आमचे गुरुजी आठवले.

आमच्या तालुक्यात इतिहास मंडळ होतं. अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळे कागदावर. कामाला एकटे गुरुजी. रविवारी लुना काढायची आन् एखादं गाव गाठायचं. पिशवीत काथ्याचा ब्रश, पाण्याची बाटली, गव्हाच्या पिठाची पुरचुंडी. झिजलेला शिलालेख असला की ऊन तिरपं व्हायची वाट बघायचे, मग कोरडं पीठ तळहातानं हलकेच दगडावर फिरवायचे. खोलगट जागी पीठ बसायचं आणि अक्षर वर यायचं. आम्ही पोरं श्वास धरून बसायचो. वाचून झालं की दगड पाण्यानं धुवायचा, हे ठरलेलं. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, दिसली तर वहीत नोंद: गाव, कुठं उभी, तोंड कुणीकडं, किती थर, लढणाऱ्याच्या हातात काय. तालुक्यातल्या कितीतरी वीरगळी आता रस्त्याच्या भरावात गेल्या, नाहीतर ऑइल पेंटखाली. त्यांचा ठावठिकाणा उरला तो त्या वह्यांत.

तुमच्या गावात असं कुणी होतं का? आता कोण बघतं? लिहा.

उदगीरकर
आमच्याकडं आहेत की. बँकेतून रिटायर झालेले. 3 फेब्रुवारीच्या आसपास पोरांना किल्ल्यावर नेतात, 1760 ची लढाई समजावतात. सदाशिवरावभाऊ कुठून आले, निजामाचं सैन्य कसं कोंडीत सापडलं, सगळं तोंडपाठ. पोरांचा चहा-बिस्कीट खिशातून. जिल्हा परिषद शाळेची पोरं किती प्रश्न विचारतात बघायला या एकदा.

पूर्णामाय
वालूरची बारव बघितली का कुणी? चक्राकार पायऱ्यांची विहीर? गावकऱ्यांनी स्वतः गाळ काढला तिचा. ते बघूनच आमच्या वडिलांनी आमच्या गावची बारव हाती घेतली. सत्तरी ओलांडलेला माणूस, कमरेला पंचा बांधून खाली उतरायचा. सगळ्यात वाईट पिंपळ. दगडाच्या सांध्यात मूळ शिरलेलं असतं, ते ओढलं की अख्खी शिळा निखळती. दादा म्हणायचे ओढू नका, कापा आणि मरू द्या. जेसीबीवाल्याला तर त्यांनी काठावर येऊ दिलं नाही. महाशिवरात्रीला पायरी पायरीवर पणत्या लावल्या, तेव्हा कधी न फिरकलेल्या बायका सुद्धा तेल घेऊन आल्या.

उदगीरकर
@पूर्णामाय ताई, दादांना नमस्कार सांगा. आता तब्येत कशी?

पूर्णामाय
गुडघे गेलेत. पण रोज विचारतात, कचरा टाकायलेत का कुणी.

वाड्याची सून
पोळ्या लाटता लाटता लिहायले, शुद्धलेखन बघू नका. आमचे सासरे मंडळाचे सचिव. मंडळाला जागा नाही म्हणून सगळं आमच्या माळवदावरच्या खोलीत. दस्त, सनदा, जुन्या पावत्या, उर्दूतले, मोडीतले. पावसाळ्याच्या आधी आम्ही सासू-सुना गठ्ठे खाली काढायचो, सावलीत पसरायचो, ऊन लागू द्यायचं नाही, पुन्हा सुती कापडात बांधून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचो. वाळवीनं एकदा भिंत धरली तेव्हा सासूबाई रात्रभर कागद झटकत बसल्या. सत्कार सासऱ्यांचा झाला, शाल-नारळ मिळाला, व्हायलाच पाहिजे होता. सासूबाईंचं नाव मी इथं लिहीत नाही कारण त्यांना आवडणार नाही, पण ते कागद त्यांच्यामुळं टिकलेत, हे लिहून ठेवायले.

मांजराकाठ
काकू, हे वाचून बरं वाटलं. आमच्या गुरुजींच्या घरीही काकूच सगळं बघायच्या.

तेरणा_९३
आमच्याकडचं वेगळं आहे. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे भूकंपात वाडे पडले, त्यात माणसं गेली आणि पेट्या, कागद, फोटो पण गेले. नवीन गाव वसलं, रस्ते सरळ, घरं सारखी. आमच्या इथले एक कंपाउंडर आहेत. त्यांनी म्हाताऱ्या माणसांना बसवून जुन्या गावाचा नकाशा काढायला घेतला. आधी वेस. मग मारुती. मग पार. मग एकेक गल्ली, कोणाच्या घराला कोणाचं घर लागून, कोणाच्या दारात लिंब, आड कुठं, कुंभाराची भट्टी कुठं. दोन म्हातारे एका बोळावरून भांडले. एक म्हणे बोळ जोश्यांच्या वाड्यामागून जायचा, दुसरा म्हणे पुढून. कंपाउंडर दोन्ही लिहून घेतात, पेन्सिलीनं. मधेच कुणीतरी एखाद्या घरावर बोट ठेवतं आणि गप्प होतं. मग त्या दिवशी काम थांबवतात, चहा होतो. माझ्या आईनं आमच्या घराची चौकट दाखवली त्यात. मी तेव्हा लहान होतो, मला काहीच आठवत नाही, त्या कागदावर मी पहिल्यांदा आमचं घर बघितलं.

पूर्णामाय
😔 काय लिहावं.

खडकपूर्णा
शेतकऱ्यांचा विश्वास मिळवणं हेच खरं काम. विहीर खणताना नाणी निघाली तर माणूस घाबरतो, जमीन जाईल म्हणून. मग नाणी सोनाराकडं जातात आणि वितळतात. आमच्या मंडळाचे सर बांधावर बसून कायदा समजावतात. 1878 चा गुप्तनिधी कायदा आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. भोकरदनला 1973 च्या उत्खननात हस्तिदंती बाई मिळाली, थेट इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी साम्य असलेली. सर तिचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन फिरतात. म्हणतात, तुझ्या मातीतून काय निघू शकतं ते बघ आधी.

बालाघाटी
मोडीवाल्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही? 2023 ला आरक्षणासाठी जुन्या मोडी कागदांत कुणबी नोंदी शोधायला लागले तेव्हा आमच्या गल्लीतल्या काकांच्या दारात रांग. त्याआधी उन्हाळ्यात फुकट वर्ग घ्यायचे तर मोजकी पोरं यायची. शिकवायची पद्धत लई छान: आधी अख्ख्या पानावर रेघा ओढून घ्यायच्या, मग रेघेला अक्षरं लटकवत जायचं, हात उचलायचा नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नाही म्हणून पोरं खूश.

उदगीरकर
😄 मला तीच लिपी पाहिजे होती शाळेत.

शिक्षिका_नांदेड
17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडा होतो, भाषणं होतात. आमच्या गावातले एक दुकानदार त्या दिवशी काही बोलत नाहीत. ते वर्षभर मुक्तिसंग्राम बघितलेल्या म्हाताऱ्यांची रेकॉर्डिंग करत असतात. सुरुवातीला टेपरेकॉर्डर, आता मोबाईल. रझाकारांच्या धास्तीनं बायका-पोरं रात्री कुठल्या शेतात लपायची, भाकरी कोण पोचवायचं, असलं भाषणात येत नाही ते सगळं त्यांच्याकडं आहे. कॅसेटी चिकटायला लागल्यात. कुणाला डिजिटल करता येत असेल तर सांगा, मी घेऊन येते.

बालाघाटी
ताई, माझ्या मेव्हण्याचा स्टुडिओ आहे लातूरला. आणा. ओलसर कॅसेट वाजवून बघू नका तेवढं, फीत तुटती.

नवीन_आले
मधेच विचारते, माफ करा. आजोबांचा जमिनीचा कागद सापडलाय. वर उर्दूत काहीतरी आणि 1352 फसली असं लिहिलंय. म्हणजे कधीचा?

वाड्याची सून
फसली म्हणजे निजामाच्या राज्यातलं सरकारी साल. 590 मिळवा बाई. 1942-43. महिना कोणता आहे? आजूर असला तर 1942 चा ऑक्टोबर धरा.

नवीन_आले
शेजारच्या चाचांना दाखवला. इस्फंदार म्हणतात.

वाड्याची सून
मग 1943 चा जानेवारी. कागद लॅमिनेट करायला नेऊ नका, दुकानवाले लगेच करून देतात आणि मग कागद कायमचा जातो. सपाट ठेवा, सुती कापडात. आणि चाचांना मागची बाजू पण दाखवा, शिक्के बरेचदा मागं असतात.