सेन्सरचं नावही इंटरफेसच आहे

ओपनबीएमसी म्हणजे सर्व्हरमधल्या बीएमसीवर, म्हणजे सर्व्हरवर लांबून नजर ठेवणाऱ्या छोट्या नियंत्रक चिपवर, चालणारं मुक्त सॉफ्टवेअर. "त्यातलं जुनं सगळं एकदाचं काढून टाका, किती दिवस ओझं वाहायचं?" असं एक मत वाचलं, ते मला पटलं नाही. ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांचे कष्ट मान्य, पण दुसऱ्या टोकाला आम्ही वापरणारे बसलेलो असतो.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे चार सर्व्हर मी बघतो. मागच्या एप्रिलमध्ये बीएमसीचं फर्मवेअर अपडेट केलं आणि आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरचं नाव बदललं. तापमान तपासणारी माझी स्क्रिप्ट जुन्याच नावाने विचारत राहिली, उत्तर रिकामं येत राहिलं आणि स्क्रिप्टने ते शून्य धरलं. बाहेर ऊन रणरणतंय, सर्व्हर रूमचा एसी बंद पडलाय आणि माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं! दार उघडल्यावर गरम हवेचा लोट अंगावर आला, तेव्हा कळलं. रिकाम्या उत्तरावर अलार्म वाजायला हवा होता, ती चूक माझी. आता तो वाजतो.

पण मूळ गोम आत आहे. ओपनबीएमसीत सेन्सरचं नाव डी-बसच्या (आतल्या प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायच्या व्यवस्थेच्या) पाथमध्येच असतं आणि बीएमसीवेब, म्हणजे त्यातला वेब सर्व्हर, त्यावरूनच रेडफिशचा (सर्व्हर लांबून हाताळायच्या प्रमाणित इंटरफेसचा) पत्ता बनवतं. म्हणजे बोर्डाच्या कॉन्फिगरेशनमध्ये एक शब्द बदलला की बाहेरचा पत्ताही बदलला. रेडफिशच्या स्कीमात (माहितीच्या ठरलेल्या आराखड्यात) जुन्या प्रॉपर्टीवर आधी 'डेप्रिकेटेड', म्हणजे 'आता वापरू नका', अशी खूण लागते, ती लगेच उपटली जात नाही. नावांनाही तेवढीच मुदत द्या, आणि बदल रिलीज नोट्समध्ये ठळक लिहा. एवढीच कळकळीची विनंती.