जोगतिणीचा जग, आजीची घागर : चाल एकच?

खानापूरची सून : माघी पुनवेला सौंदत्तीच्या यल्लमाच्या डोंगरावर जोगतिणीचा, म्हणजे देवीला सोडलेल्या बाईचा, नाच तासभर बघत उभी होते. चौंडकं वाजतंय, ती बसते, उठते, गिरकी घेते, डोक्यावरचा जग (देवीचा मुखवटा बसवलेली टोपली) मात्र जागचा हलत नाही. मला आजी आठवली. चुंबळीवर दोन घागरी चढवून चिखलातनं यायची. मान ताठ, गुडघे सैल, सगळा हिसका कमरेत जिरवायची. माझं म्हणणं, हा नाच शिकवावा लागत नाही. रोजच्या कामानंच अंग तयार होतं.

निपाणीकर : आजीनं घागर घेऊन कधी गिरकी मारली होती काय, ताई? कामात अंग ताकद राखून वापरतं, नाचात उधळतं. माझी आई तीस वर्षं विड्या वळते. बोटं तेवढी चालू, बाकी अंग दगड. गौरीला झिम्म्यात उतरली की बरोबर उलटं, बोटं सोडून सगळी हलते! हा नाच कामातनं आलेला नाही, कामाचा वचपा आहे.

दिंडीवाला : झिम्म्याचं ठाऊक नाही. पण आमच्या दिंडीत पावली खेळताना शेतात राबणारा गडी तासन्‌तास टिकतो आणि गाडीवरनं हिंडणारी पोरं अर्ध्या तासात पोटऱ्या धरून बसतात. म्हातारे गालात हसतात. (मीही गाडीवाल्यांतलाच.)

सीमेवरचा : 'शिकवावा लागत नाही' हे साफ चूक. 2021 ची पद्मश्री मिळालेल्या मंजम्मा जोगती हा नाच गुरूकडून शिकल्या. आणि आता दारात नळ आलेत. घागर न उचललेल्या पोरीही जग घेऊन नाचतात, त्यांचं काय?

उंबरठा : नाचाचं कौतुक चाललंय ते चालू दे. पण देवाला मुली सोडण्यावर बंदी घालणारा कायदा कर्नाटकाला 1982 मध्ये का करावा लागला, तेही आठवा. कितीजणींनी जग हौसेनं उचलला होता?

खानापूरची सून : उंबरठा, खरं आहे. मी नुसती चाल बघत बसले, ती बाई तिथवर कशी आली हे मनातही आलं नाही.
सीमेवरचा, गुरू लागतो, मान्य. काल परड्यात चुंबळ करून भरलेली कळशी डोक्यावर घेतली. चौथ्या पावलाला पाणी पाठीवर. सासूबाई पायरीवरनं म्हणाल्या, "पायाकडं बघू नको गं, लांब बघ." गुरूही पहिल्या दिवशी हेच सांगत असतील की!

निपाणीकर : सासूबाईंना विचारा, गिरकी जमते काय 😄