शब्दचर्चा : 'आवडतं', 'सुंदर वाटतं' आणि 'सुंदर आहे'

विचारणा

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटच्या १७९० सालच्या सौंदर्यविचारावर मराठीत टिपण करायचं आहे. पहिल्याच पायरीवर 'सुखद', 'सुंदर' आणि 'चांगलं' वेगळं करावं लागतं. मराठीत मात्र आमटी सुंदर होते, भाषण सुंदर होतं, प्रश्नही सुंदर विचारला जातो. हा फरक मराठीतून दाखवता येईल का? दुसरं असं की, सौंदर्याच्या आनंदात 'स्वारस्य' नसतं, या अर्थी निःस्वार्थ, उदासीन, तटस्थ, निरपेक्ष, अलिप्त यांपैकी काय वापरावं? आणि 'सब्लाइम'साठी 'उदात्त' व 'भव्य' यांत निवड कशी करायची?

प्रतिसाद १

फरक विशेषणात शोधू नका, विभक्तीत शोधा.

कांटचं उदाहरण कॅनरी बेटांवरच्या मद्याचं आहे. 'हे मद्य सुखद आहे' असं कोणी म्हणालं आणि ऐकणाऱ्याने 'तुम्हाला सुखद आहे असं म्हणा' अशी दुरुस्ती केली, तर बोलणारा ती खुशाल मान्य करतो. पण इमारत, कविता किंवा वाद्यमेळ याबद्दल 'हे माझ्यापुरतं सुंदर आहे' असं म्हणणं त्याला हास्यास्पद वाटतं. मराठीत 'आवडणे' या क्रियापदाला आवडून घेणारा लागतोच आणि तो '-ला' प्रत्यय घेऊन येतो : मला आवडतं, तिला आवडतं. 'मला हे सुंदर आहे' हे वाक्य मात्र उभंच राहत नाही. म्हणजे कांट जे हास्यास्पद म्हणतो, ते मराठीत थेट व्याकरणातच बसत नाही.

मधलं 'मला सुंदर वाटतं' जपून वापरा. 'वाटणे' दोन कामं करतं. 'मला भीती वाटते' यात भावना आहे, 'मला वाटतं पाऊस येईल' यात अंदाज आहे. कोणतं काम चाललंय ते पाहायला पुढे 'पण नसेलही' जोडून बघा. 'मला हे सुंदर वाटतं, पण नसेलही' हे चालतं. म्हणजे बोलणारा सौंदर्याचाच दावा करतोय, फक्त हात राखून. 'मला हे आवडतं, पण आवडत नसेलही' हे चालत नाही, कारण तिथे चुकायला जागाच नाही. आणि 'मला हे आवडतं, पण सुंदर नाही' हे बिनदिक्कत चालतं. बटबटीत कॅलेंडरबद्दल आपण नेमकं तेच म्हणतो.

प्रतिसाद २

कसोटी चांगली आहे, पण ती एकाच बाजूने चालते. 'भाजी चविष्ट आहे' यातही 'मला' नाही, म्हणून चविष्टपणा हा काही कांटच्या अर्थाने सौंदर्यनिर्णय होत नाही. '-ला' अपरिहार्य असेल तर तो आवडीचा मामला, इतकंच त्यातून निघतं. '-ला' नाही म्हणून तो सौंदर्याचा, असं निघत नाही. उरलेली चाळणी 'का?' या प्रश्नाने लावा. 'मला आमटी आवडत नाही' यावर 'बरं, मग वरण घे' एवढ्यावर बोलणं मिटतं. 'कैलास लेणं सुंदर नाही' असं म्हणणाऱ्याला 'का?' विचारल्याशिवाय कोणी सोडत नाही. कांटच्या मते इथे आपण सर्वांच्या संमतीची मागणी करतो. सगळे सहमत होतील असं भाकीत नव्हे, व्हायला हवेत अशी मागणी. टिपणात हा फरक हमखास पुसला जातो आणि मग 'पण लोकांची मतं तर वेगळी असतात' हा आक्षेप उगाच निर्णायक वाटू लागतो.

'सुंदर झालीय आमटी' यात 'झालीय' महत्त्वाचं आहे. ती करणाऱ्याच्या हाताला दाद आहे. 'सुंदर' काढून 'छान' किंवा 'फक्कड' घातलं आणि काहीच हरवलं नाही, तर तो शब्द निव्वळ शाबासकीचा समजावा.

प्रतिसाद ३

खरं तर 'सुंदर' हा या प्रांतातला सर्वांत रिकामा शब्द आहे. जाणकार माणूस तो क्वचितच वापरतो. तो म्हणतो रेखीव, घाटदार, सुबक, ठसठशीत, डौलदार, नेटकं. किंवा उलट भडक, बेंगरूळ, ओबडधोबड. यातल्या प्रत्येकाच्या अटी आहेत. 'रेखीव'ला स्पष्ट कड लागते : नाक, अक्षर, मूर्तीचा चेहरा. धुक्यातलं दृश्य कितीही मोहक असो, रेखीव नसतं. 'घाटदार'ला आकारमान आणि गोलाई लागते, म्हणून तांब्या घाटदार, चित्रातली रेघ नाही. 'सुबक'ला आकार लहान हवा. वेरूळचं १६ क्रमांकाचं लेणं अखंड खडकातून वरून खाली कोरत आणलेलं, त्यातलं एखादं शिल्प सुबक म्हणता येईल, सबंध लेणं कधीच नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ फ्रँक सिब्ली यांनी १९५९ च्या निबंधात अशाच शब्दांबद्दल एक मुद्दा मांडला : वस्तूची साधी लक्षणं कितीही मोजून दिली, तरी त्यांच्यावरून असा शब्द नियमाने सिद्ध करता येत नाही. फिकट रंग, बारीक रेषा, सौम्य वळणं यांमुळे एक चित्र नाजूक ठरतं. अगदी तीच लक्षणं दुसऱ्या चित्राला निस्तेज करतात. म्हणून समीक्षक सिद्ध करत नाही, बोट ठेवतो : ही रेघ बघा, आता तिच्या शेजारची रिकामी जागा बघा.

आपल्याकडे नवव्या शतकात संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने काव्यातल्या सूचित अर्थाला लावण्याची उपमा दिली, ती याच्या बरीच जवळ जाते. लावण्य हे 'प्रसिद्धावयवातिरिक्त', म्हणजे डोळे-नाक-ओठ असे सुटे दाखवता येणाऱ्या अवयवांपलीकडचं. पण अवयवांशिवाय दिसणारंही नाही. म्हणून 'सौंदर्य' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो म्हणून मधेच 'लावण्य' घालू नका. तो समानार्थी नाही.

प्रतिसाद ४

'स्वारस्य नसलेला' आनंद, याबद्दल. कांट राजवाड्याचं उदाहरण घेतो. वाडा सुंदर आहे का, असं विचारलं. एक म्हणतो, नुसत्या बघ्यांसाठी बांधलेल्या वस्तू मला आवडत नाहीत. दुसरा, पॅरिसमध्ये खाणावळीच तेवढ्या आवडलेला उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉइ जमातीचा सरदार. तिसरा तत्त्वज्ञ रूसोच्या धर्तीवर, गरिबांच्या घामावर चाललेल्या थाटाचा निषेध करतो. कांट म्हणतो, सगळं कबूल, पण प्रश्न तो नव्हताच. वस्तू असो-नसो, मिळो-न मिळो, तिचं नुसतं दिसणं सुख देतं का, एवढाच प्रश्न होता.

आता शब्द तपासा. 'निःस्वार्थ' इथेच पडतो. गरिबांची कळकळ निःस्वार्थच आहे, तरी कांटच्या हिशेबी ते स्वारस्यच, कारण 'चांगल्या'तही वस्तू असावी ही इच्छा असते. 'उदासीन' गीतेत चालला, 'उदासीनवदासीनम्'. आजच्या मराठीत त्याचा अर्थ खिन्न किंवा बेपर्वा. 'निरपेक्ष' घेतला तर दोन ओळींनंतर अभिरुची सापेक्ष की निरपेक्ष हा वाद येतो आणि एकच शब्द दोन अर्थांनी वावरू लागतो. 'निर्हेतुक' तर मुळीच नको, पुढे कांटलाच 'हेतूविना हेतुपूर्णता' (ठरावीक हेतू नसूनही वस्तू हेतूने घडवल्यासारखी भासणं) सांगायची आहे, तिथे गोंधळ होईल.

'तटस्थ'ची अडचण वेगळी आहे. संस्कृत काव्यशास्त्रातल्या रसचर्चेत तो शब्द आधीच दोषाच्या बाजूला बसलाय. भट्टनायक या जुन्या रसविचारकाचं मत काव्यशास्त्रकार मम्मट देतो : 'न ताटस्थ्येन नात्मगतत्वेन'. रस परक्याचा म्हणूनही जाणवत नाही, स्वतःचा म्हणूनही नाही. सहृदय, म्हणजे जाणता रसिक, काठावर उभा नसतो.

माझी शिफारस : पहिल्यांदा 'हितसंबंधनिरपेक्ष' असं पूर्ण लिहा, अर्थ एका वाक्यात उलगडा, आणि पुढे सर्वत्र 'अलिप्त'. (अलिप्त राष्ट्रांची आठवण होईल, तेवढं सोसावं.)

रसविचारक अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी (रसास्वादातल्या अडथळ्यांपैकी) 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात गुरफटलेला असणं, हे या कल्पनेला सर्वांत जवळचं. त्यावरचा उपायही तो देतो : वाद्य, गायन, सजवलेला मंडप, म्हणजे मन आधी घरच्या विवंचनेतून सुटावं. पण दोघांना एक करू नका. रसात भाव शिजून आस्वाद्य होतो. कांट मात्र मोहकता आणि भावनेचा उमाळा शुद्ध सौंदर्यनिर्णयातून बाहेर ठेवतो. सजवलेल्या मंडपाकडे त्याने संशयानेच पाहिलं असतं.

विचारणा करणाऱ्याकडून

'अलिप्त' घेतो. 'उदात्त'चं काय?

प्रतिसाद ५

एक शब्द पुरणार नाही. कांट दोन प्रकार करतो. आकार इतका प्रचंड की कल्पनाशक्ती तो एका दमात कवेत घेऊ शकत नाही, तो गणिती प्रकार. दुसरा शक्तीचा : वादळ, ज्वालामुखी, उंच धबधबा. पहिल्याला 'भव्य' किंवा 'विराट' जुळतो. दुसऱ्याला नुसता 'भव्य' अपुरा पडतो, त्यात धास्ती नाही. एडमंड बर्क या विचारवंताने १७५७ साली या अनुभवाचं मूळच भयात शोधलं, त्यामुळे त्याच्याबद्दल लिहिताना 'उदात्त' फारच सोवळा वाटतो, कारण मराठीत हेतू उदात्त असतात, विचार उदात्त असतात. बर्कसाठी 'भव्यभीषण' लिहावं. कांटसाठी 'उदात्त' ठेवायला हरकत नाही, कारण त्याच्याकडे शेवट खरोखरच नैतिक वळणावर होतो : निसर्गापुढे देह क्षुद्र ठरतो, पण आपल्यातली विवेकशक्ती त्याला पुरून उरते, अशी जाणीव.

दुसऱ्या प्रकाराची अट विसरू नका : पाहणारा सुरक्षित हवा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मागे पक्क्या खडकावर पडून खाली पाहणं हा तो अनुभव. पाय सटकला की उरतं नुसतं भय.

'रौद्र' लावायचा मोह टाळा. त्या रसाचा स्थायीभाव, म्हणजे मूळचा भाव, क्रोध आहे. 'अद्भुत'चा विस्मय जवळ येतो, पण एकटा पुरत नाही. विश्वरूप पाहून अर्जुन म्हणतो तशी ती जोडी लागते : 'हृषितोऽस्मि' आणि लगेच 'भयेन च प्रव्यथितं मनो मे'. फक्त अर्जुन त्यानंतर जुनं सौम्य रूप परत मागतो. कांटचा पाहणारा ते मागत नाही, उलट स्वतःच्या आत पाहतो.

प्रतिसाद ६

दोन किरकोळ गोष्टी. 'रुची' नको, 'अभिरुची' घ्या. 'रुची' जिभेची आणि 'गणितात रुची' मधलीही, त्यामुळे सुखद-सुंदर हा भेद शीर्षकातच बुडतो. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा १७५७ चा निबंध तर अभिरुचीचाच आहे : त्याच्या पारख्याला शाबूत बुद्धी, तरल संवेदना, सराव, तुलनेची सवय आणि पूर्वग्रहापासून मोकळीक, अशा पाच गोष्टी लागतात. त्यांतल्या शेवटच्या तीन तरी कमवाव्या लागतात.

आणि 'सौंदर्यनिर्णय' व 'सौंदर्यविधान' आलटून पालटून वापरू नका. निर्णय मनात होतो, विधान वाक्यात. '-ला' ची वरची सगळी चर्चा विधानाबद्दल आहे. अलिप्तता हा गुण निर्णयाचा.