मदत हवी: मागाच्या व्हिडिओवर काळे पट्टे, आणि पुढे याचं करायचं काय?

राम राम मंडळी,

मी बेळगावातल्या वडगावचा. घराला लागूनच काकांचे साडीचे दोन माग आहेत (तिसरा दिवाळीत भंगारात गेला). उरलेले किती दिवस चालतील सांगता येत नाही, म्हणून महिनाभर मोबाइलवर धोट्याचं (आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे पळतो तो) शूटिंग करतोय.

माहितीपट नको आहे. काकांची मुलाखत, मागे सतार, असलं काही नको. शेडच्या समोरासमोरच्या दोन भिंतींवर नुसता धोटा, इकडून तिकडे, न संपणारा. मध्ये बघणारा उभा. याला व्हिडिओ आर्ट म्हणतात एवढं कळलंय. इथं एडिटिंगचे क्लास आहेत, पण लग्नाचे, एकाला विचारलं तर म्हणाला, "गाणं कुठलं घालायचं ते सांगा की."

ट्यूबलाइटखाली चित्रावर काळे पट्टे सरकतात. लूप पुन्हा सुरू होतो तिथं धक्का बसतो. आणि खडखडाट ठेवला तर पाच मिनिटांत डोकं उठतं, काढला तर माग मेल्यासारखा वाटतो. काकूला दाखवलं, ती म्हणाली, "कांडी संपत आलीया, बदल म्हणावं." (कांडी म्हणजे धोट्यातली धाग्याची गुंडाळी.)

प्रतिसाद

काकूंना सोडू नका, त्या चित्र नीट बघतात.

पट्टे: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. फोन मॅन्युअलवर टाकून शटर उघडं राहायचा वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. लूप: धोटा मागाच्या कडेच्या पेटीत शिरला आणि धागा ठोकणारी फणी ठरावीक जागी आली की तिथंच कापा, दोन्ही टोकांना तेच. आवाजाचा तुकडा चित्रापेक्षा थोडा लांब ठेवा, म्हणजे दोघांचे सांधे एकाच जागी पडत नाहीत.

व्हिडिओ आर्टचे आद्य कलाकार नाम जून पाइक मुळात संगीतवाले. १९६३ साली जर्मनीत वुपरटालच्या प्रदर्शनात त्यांनी टीव्ही संचांचं चित्रच बिघडवून मांडलं होतं. तुम्हीही आधी डोळे मिटून नुसता आवाज लावा. कुठं थांबावंसं वाटतं ते कानाला कळेल.

धागाकर्ता

१/५० वर पट्टे गेले! पण धोट्याची आता नुसती पांढरी रेघ दिसते. मला वाटलं बिघडलं. काकू म्हणते, "चालत्या मागावर धोटा कुणाला दिसतोय? आता बरोबर आलंय." तर रेघच ठेवतोय.

आता एकच अडलंय: दोन भिंतींचे दोन प्रोजेक्टर, एक अर्ध्या तासात मागं पडतो. दोन्ही एकाच लॅपटॉपवरून चालवता येतील का?