लाकडी क्लीटचं शिंग का तुटतं

क्लीट म्हणजे होडीवर दोर गुंडाळून बांधायचा खुंटा, आणि त्याची दोन बाजूंना निघालेली टोकं म्हणजे शिंगं. प्लायवूडच्या होडीवर घरी केलेल्या सागवानी क्लीटचं शिंग दोर ताणताच तुटलं, अशी एकाची तक्रार आहे. बहुतेक वेळा लाकडाच्या रेषा आडव्या गेलेल्या असतात. त्या एका शिंगाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग हव्यात. गाठ असलेला तुकडा घेऊच नका.

लांबीचा ठोकताळा दोराच्या जाडीच्या १६ पट, म्हणजे ८ मिमी दोराला साधारण १२५ मिमी. बोल्टची भोकं तुकडा चौकोनी असतानाच पाडा, आकार दिल्यावर ड्रिल सरळ धरणं अवघड. मग शिंगांखालचा भाग कापून कानशीने गोल करा. तिथे बोट फिरवून बघा. धार लागली तर ती दोर कुरतडणारच.

नुसत्या स्क्रूवर भिस्त नको. ३१६ स्टेनलेसचे (खाऱ्या पाण्यात कमी गंजणारं स्टील) आरपार बोल्ट, डेकखाली १२ मिमी मरीन प्लायचा तुकडा आणि रुंद वायसर लावा. आणि हे अजिबात टाळू नका: डेकमधलं भोक मोठं पाडून घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरा, ते पक्कं झाल्यावर त्यातूनच बोल्टचं भोक काढा. नाहीतर पाणी प्लायच्या थरांत शिरतं आणि क्लीट शाबूत राहून डेकच कुजतो. साग तेलकट असतो, चिकटवणार असाल तर आधी ॲसिटोनने पुसून घ्या.