‘आवाज घुमतो’ : कौतुक की तक्रार?

बिनतारी स्पीकरच्या परीक्षणांत ‘आवाज छान घुमतो’ आणि ‘आवाज फार घुमतो’ अशी दोन्ही वाक्यं आढळतात. मग घुमणे हा गुण धरायचा की दोष? आणि खर्ज नुसताच भरपूर असेल तर काय म्हणावं?

*

घुमणे म्हणजे मूळ आवाज थांबल्यावरही तो पोकळीत फिरत राहणे. रिकाम्या रांजणात तोंड घालून बोललं की होतं तसं. डग्ग्याचा घुमारा हा गुणच, कारण तो वाद्याचा स्वतःचा आहे. स्पीकरने मात्र पदरचं काही घालायचं नसतं. बातम्या वाचणारा माणूसच घुमायला लागला, तर खोका बोलतोय असं समजावं. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, त्यामुळे ही खोट गाण्यापेक्षा बोलण्यात लवकर पकडता येते.

खर्ज भरपूर आणि नेटका असेल तर ‘भरीव’ म्हणा. दोन्हींतला फरक कानाने ठरवता येतो. पायरीपायरीने खाली उतरणारे खर्जातले सूर लावा. सगळे जवळपास सारख्या वजनाने आले तर आवाज भरीव. मधलाच एखादा फुगून पुढच्या सुरावर सांडला, तर तो घुमतो.

*

वरच्या उत्तराला एक पुरवणी. दोष देण्याआधी खोका घुमतोय की खोली, हे पाहायला हवं. तोच सूर चालू ठेवून खोलीभर फिरा. भिंतीशी फुगतो आणि मधोमध विरतो, तर ती खोली. समोरासमोरच्या भिंतींत ४ मीटर अंतर असेल तर सुमारे ४३ हर्ट्झचा सूर तिथे हमखास फुगतो. स्पीकर कोपऱ्यात असेल तर तो आणखी चढतो. ३० सेंटिमीटर पुढे ओढला तरी फरक कळतो. पोकळ टेबलावर ठेवला असेल तर फळीला तळवा लावून बघा. हाताला थरथर जाणवली की खाली जाड रबर घाला. एवढं करूनही घुमत राहिला, तर दोष खोक्याच्या माथी मारायला हरकत नाही.

*

‘फाटणे’ आणि ‘पातळ होणे’ यांचीही गल्लत होते. ॲम्प्लिफायरची ताकद संपली की लहरींचे माथे कापले जातात आणि मूळ आवाजात नसलेले कर्कश सूर मिसळतात, ते फाटणं. आजकालचे बरेच छोटे स्पीकर फाटू नये म्हणून आवाज वाढवताना खर्ज आपणहून कमी करतात. तिथे आवाज फाटत नाही, पातळ होतो. म्हणून एकच तुकडा तिसऱ्या हिश्श्यावर, दोन तृतीयांशावर आणि जवळजवळ पूर्ण आवाजात ऐकावा. दोन स्पीकर ताडून बघताना आधी दोघांचा आवाज सारखा करून घ्या, नाहीतर मोठा वाजणाराच सरस वाटतो.

‘उंच आवाज’ हा प्रयोग मात्र टाळावा, असं माझं ठाम मत आहे. उंच, चढा हे शब्द पट्टीसाठीही चालतात, त्यामुळे वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही. जोरासाठी ‘मोठा’ पुरेसा आहे.

*

ब्लूटूथवर ‘खरखर येते’ असं लिहिलेलं दिसतं, ते चालेल का?

*

बहुतेक वेळा नाही. खरखर सैल वायरीची किंवा जुन्या रेडिओची. ब्लूटूथचा संदेश अंकीय असतो. तो कमी पडला की आवाज तुटतो, अडखळतो. फोन मागच्या खिशात ठेवून स्पीकरकडे तोंड केलंत तरी तुटू शकतो, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात. खरी खरखर ऐकू आली तर फोन बदलून पाहा, दुसरी फाइल वाजवा. तरीही राहिली तर स्पीकरचा पडदा तपासा.

वापराच्या सोपेपणाबद्दल लिहिताना ‘पेअर करणे’ आणि ‘कनेक्ट करणे’ वेगळे ठेवा. पहिल्याला ‘ओळख करून देणे’ चपखल बसतं, ते एकदाच. दुसरी ‘जोडणी’, ती रोजची. ‘जोडायला त्रास होतो’ एवढंच लिहिलं तर पहिल्या दिवशीचा त्रास की रोजचा, हे कळत नाही. ओळख झालेला स्पीकर बंद करून पुन्हा चालू करा. फोनला हात न लावता तो आपोआप जोडला गेला, तरच ‘सुटसुटीत’ लिहा.