उरलेला नारळ कुकीज आणि बारमध्ये कसा संपवू? मदत हवी आहे

फ्रीजरमध्ये खवलेल्या ओल्या नारळाचा मोठा डबा आहे, शिवाय डेसिकेटेड कोकोनटचं अर्धं पाकीट उघडं पडलंय. दोन्ही कुकीज नाहीतर बारमध्ये संपवायचंय.

सुक्याची फारशी काळजी नाही. अडलंय ते ओल्यावर. ओल्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणीच, डेसिकेटेडमध्ये जेमतेम तीन टक्के. म्हणजे पाककृतीत १०० ग्रॅम सुकं लिहिलंय तिथे ओलं तेवढंच घालून कसं चालेल? पीठ सैल होतं, कुकी ट्रेवर पसरते, आणि कडा लाल झाल्या तरी मधे बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो.

ओलं खोबरं आधी ओव्हनमध्ये मंद आचेवर, अधूनमधून हलवत सुकवून घ्यावं असं वाटतंय. पण कितपत? हाताला कोरडं लागेपर्यंत, की सोनेरी होईपर्यंत? भाजल्यावर वास छान येतो हे खरं, पण पुन्हा कुकीत भाजलं गेल्यावर करपट तर लागणार नाही ना? की सरळ पाककृतीतलं दूध कमी करावं?

बारसाठी खाली बिस्किटांचा चुरा आणि लोणी, वर खोबरं आणि कंडेन्स्ड मिल्क असा बेत आहे. कंडेन्स्ड मिल्क मुळातच इतकं गोड की वेगळी साखर घालायची माझी तयारी नाही. वरच्या थरात ओलं आणि सुकं निम्मं निम्मं मिसळलं तर वड्या नीट कापल्या जातील का?

बिनअंड्याचं प्रमाण असेल तर फारच उत्तम. वाटी-चमच्याचं चालेल, ग्रॅममध्ये दिलंत तर आणखी बरं.